नऊ दिवस फुलांचे, एक घास नव्याचा

ऑगस्ट संपत आला की मंगळूर-उडुपीकडच्या कॅथोलिक घरांच्या आसपास सकाळी कुंपणावर फूल राहत नाही. जास्वंद, तेरडा, अबोली, कर्दळ, सदाफुली, बांधावरची बिननावाची रानफुलं, पोरं काही म्हणजे काही सोडत नाहीत. एरवी शेजारच्या अंगणात हात घातला तर आरडाओरडा करणाऱ्या म्हाताऱ्या या दिवसांत आतूनच ओरडतात की मागच्या दारची फुलं अजून तशीच आहेत, तीही न्या. ३० ऑगस्टला नोव्हेना सुरू होते, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना. ७ सप्टेंबरला ती संपते आणि ८ तारखेला येशूच्या आईचा, मारियेचा जन्मदिवस. कोकणी कॅथोलिक या सणाला मोंती फेस्त म्हणतात आणि मारियेला मोंती सायबीण.

ख्रिस्ती सण म्हटलं की आपल्याला नाताळ आणि फार तर ईस्टर आठवतो. मुंबईत वाढलेल्याला त्यात बांद्र्याची जत्रा जोडता येते. पण घरातल्या मुलांच्या हाताला सगळ्यांत जास्त काम देणारा सण कोणता, असं कुणा मंगळुरी आजीला विचारलं तर ती नाताळाचं नाव घेणार नाही. नाताळात मुलांना मिळतं. मोंती फेस्ताला मुलांना आणावं लागतं. आधी नऊ दिवस फुलं आणायची, मग चर्चमधून लोंब्या आणायच्या, त्या सोलायच्या, कुटायच्या, घरातली माणसं मोजायची आणि वाढायचं. या सणाची तब्येत अजून ठणठणीत आहे ती याच कामांमुळे, असं माझं मत झालं आहे. ते कसं झालं, हेच या लेखात सांगायचं आहे.

आधी चर्चकडे वळू. तिथला भाग थोडा आहे, पण देखणा आहे. चर्चच्या आवारात किंवा आत वेदीच्या बाजूला एका सजवलेल्या चौरंगावर बाळ मारियेची छोटी मूर्ती ठेवतात. कुठे दुपट्यात गुंडाळलेलं तान्हं बाळ असतं, कुठे उभी चिमुरडी. प्रार्थना संपली की मुलं रांगेनं ताटं, परड्या, अलीकडे प्लॅस्टिकच्या टोपल्या घेऊन पुढे येतात आणि कोकणी गीताच्या तालावर मूठमूठ फुलं मूर्तीवर उधळतात. एका ठरावीक ओळीला सगळ्या मुठी एकदम वर जातात. पहिल्या दिवशी लहानग्यांचा ताल चुकतो, फुलं पुढच्याच्या डोक्यावर पडतात. नवव्या दिवसापर्यंत तीन वर्षांचं पोरही बरोबर ओळीवर मूठ सोडतं. धर्मशिक्षणाच्या वर्गात वर्षभर जे जमत नाही ते नऊ दिवसांत होतं, कारण हातात फुलं असतात.

बाळ मारियेची मूर्ती ही काही इथली कल्पना नव्हे. इटलीतल्या तोदी गावात इझाबेल्ला कियारा फोर्नारी नावाच्या एका फ्रान्सिस्कन जोगिणीनं १७३५च्या सुमारास मेणाची अशी तान्ही मारिया घडवली. ती पुढे मिलानला पोचली आणि तिथल्या सिस्टर्स ऑफ चॅरिटीच्या मठामुळे ‘मारिया बंबिना’ म्हणून प्रसिद्ध झाली. याच संस्थेच्या सिस्टर्स १८६० साली बंगालात कृष्णनगरला आल्या. इटलीतली मेणाची बाहुली आणि मंगळूर-उडुपीच्या भातखाचरातली लोंबी एका चौरंगावर कशा आल्या, हे पाहण्यासाठी मात्र गोव्याकडे आणि थोडं आपल्याही इतिहासाकडे यावं लागतं.

मंगळुरी कॅथोलिक हे मुळातले गोव्याचे. सोळाव्या ते अठराव्या शतकात ते लाटालाटांनी दक्षिणेकडे कानडी मुलखात गेले. १५६० साली गोव्यात आलेलं इन्क्विझिशनचं धर्मन्यायालय, दुष्काळ, रोगराई आणि जड कर अशी त्याची अनेक कारणं होती. त्यातलं एक कारण मराठी वाचकानं ऐकून घ्यायला हवं: मराठ्यांच्या स्वाऱ्या. १६८३ साली संभाजी महाराजांच्या फौजा साष्टी आणि बारदेशात उतरल्या, त्यानंतरच्या धामधुमीतही पुष्कळ कुटुंबांनी गाव सोडलं. केळदीच्या नायकांच्या राज्यात त्यांना कसायला जमीन मिळाली. सोबत त्यांनी क्रूस नेला, कोकणी नेली आणि नवान्नही नेलं. बाप्तिस्मा झाला म्हणून पहिलं कणीस देवापुढे ठेवल्याशिवाय खायचं नाही ही शेतकऱ्याची सवय सुटत नाही. गोव्यात पाद्रींनी ती सवय मोडण्यापेक्षा आशीर्वाद देऊन आपलीशी करणं पसंत केलं. रायच्या चर्चमध्ये ५ ऑगस्टला, ताळगावला २१ ऑगस्टला आजही कणसांचं फेस्त होतं, पाद्री विळा घेऊन शेतात उतरतो.

मंगळुराकडे हेच नवान्न मारियेच्या जन्मदिवसाला जोडलं गेलं. परंपरा याचं श्रेय जोआकिम मिरांदा या गोव्याच्या पाद्रीला देते. नेत्रावती नदीच्या काठी फरंगीपेटला मोंते मारियानो नावाचं चर्च आहे, तिथे त्यानं १७६३ साली हे फेस्त सुरू केलं असं सांगतात. फेस्ताचं नावही तिथूनच आल्याचं मानतात. हा मिरांदा हैदर अलीच्या मर्जीतला. हैदरच्या मागे टिपूनं फेब्रुवारी १७८४मध्ये, राखेच्या बुधवारच्या सुमारास, या कानडी किनाऱ्यावरच्या कॅथोलिकांची धरपकड सुरू केली आणि हजारोंना श्रीरंगपट्टणला चालवत नेलं. बहुतेक चर्च पाडली गेली. मिरांदाच्या पुण्याईनं मोंते मारियानो वाचलं असं म्हणतात. १७९९ साली श्रीरंगपट्टण पडल्यावर उरलेसुरले लोक परतले. पंधरा वर्षं ना चर्च होतं ना शेत. परत आल्यावर त्यांनी पुन्हा भात पेरलं आणि फेस्तही पुन्हा चालू झालं.

एवढा इतिहास मुलांना कुणी सांगत नाही. त्यांना सांगितली जाते ती आन्नाची गोष्ट. मारियेच्या जन्माबद्दल बायबलमध्ये एक अक्षर नाही. तिच्या आईबापांची, आन्ना आणि जोआकिम यांची नावं येतात ती दुसऱ्या शतकातल्या, बायबलबाहेरच्या एका ग्रंथात. म्हातारपणापर्यंत मूल नाही म्हणून जोआकिमाला लोक टाकून बोलतात, तो रानात निघून जातो, आन्ना अंगणात रडत बसते, मग देवदूत येतो. म्हणजे आन्ना ही येशूची आजी. ही गोष्ट घराघरांत आजीच सांगते आणि सांगताना आपलाच पक्ष मांडत असते, हे नातवंडांच्या लक्षात येत नाही एवढंच. कॅथोलिक पंचांगात ज्यांचा पृथ्वीवरचा जन्म साजरा होतो अशी माणसं अवघी तीन आहेत: २५ डिसेंबरला येशू, २४ जूनला बाप्तिस्ता योहान आणि ८ सप्टेंबरला मारिया. बाकी सगळ्या संतांचे सण बहुधा त्यांच्या मृत्यूच्या तिथीला. मारियेचा गर्भसंभव ८ डिसेंबरला पाळतात, तिथून बरोबर नऊ महिन्यांनी ही तारीख येते. बोटं मोजून हे पडताळणारं एखादं चौकस पोर प्रत्येक घरात निघतंच, आणि मग पुढचे प्रश्न आईकडे ढकलले जातात.

आता घर. मुंबईच्या उपनगरातल्या एका इमारतीत आमच्या वरच्या मजल्यावर एक मंगळुरी कुटुंब राहतं. दोन खोल्या, हॉलच्या कोपऱ्यात भिंतीला टांगलेलं लाकडी आल्तार, त्यावर मारियेची मूर्ती आणि लाल बल्ब. रोज संध्याकाळी तेर्स, म्हणजे रोझरी. ती संपली की लहानांनी हात जोडून मोठ्यांकडे बेसांव मागायचं, आशीर्वाद. आपल्याकडे दिवेलागणीला परवचा झाल्यावर वाकून नमस्कार करायचे, तसाच घाट. नोव्हेनाच्या नऊ दिवसांत ही तेर्स जरा लांबते. आजी कोकणीत म्हणते, सून इंग्रजीत, मुलं आपसांत हिंदीत कुजबुजतात. मंगळुरी कोकणी कानडी लिपीत लिहितात, ती या मुलांना येत नाही. म्हणून गीतांचे कागद रोमन लिपीत छापलेले असतात.

फुलांचा प्रश्न मुंबईत अवघड. इमारतीच्या कुंपणावर तोडण्याजोगं असतं काय? बोगनवेल आणि सोसायटीचा सेक्रेटरी. मग दादरच्या फूलबाजारातून झेंडू-शेवंती येते. गणपतीचे दिवस जोडून आले तर भाव विचारायलाच नको. २०२४ साली ७ सप्टेंबरला गणेश चतुर्थी होती. त्या वर्षी नोव्हेनाच्या शेवटच्या संध्याकाळी आमच्या इमारतीत तळमजल्यावर आरती चालली होती आणि वरच्या मजल्यावर मुलं शेवंतीच्या पाकळ्या सुट्या करत बसली होती. अख्खं फूल टाकायचं नाही, पाकळ्या केल्या तर मुठी जास्त भरतात, हे शहरानं शिकवलेलं शहाणपण. तळमजल्यावरच्यांनी निर्माल्याआधीची फुलं वर पाठवायची तयारी दाखवली. आजीनं हसून नको म्हटलं. सायबिणीला वाहायची फुलं मुलांनी स्वतः मिळवलेली पाहिजेत, तयार ताट चालत नाही. बाजारातून आणली तरी पाकळ्या तरी त्यांनीच करायच्या.

८ तारखेला सकाळी मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना होते, भाताच्या लोंब्यांना आशीर्वाद दिला जातो आणि प्रत्येक कुटुंबाला दोन-चार लोंब्या मिळतात. मुलांना ऊस मिळतो. चर्चच्या पायऱ्यांवर आपल्याहून उंच ऊस घेऊन एकमेकांना ढोसणारी पोरं हे मोंती फेस्ताचं खरं चित्र आहे. आईबाप फोटो काढतात तो लोंब्यांचा, मुलांचं सगळं लक्ष उसाकडे.

लोंब्या घरी आल्या की आल्तारापुढे ठेवतात आणि मग सुरू होतं ते काम ज्यासाठी मी मुद्दाम वर जाऊन बसले होते. सप्टेंबरच्या सुरुवातीचं भात ते, पुरतं पिकलेलं नसतं. दाणा हिरवट, नखानं दाबला तर दूध येईल इतका कोवळा. तूस सुटता सुटत नाही, कुसं बोटांत टोचतात. जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं होतं, त्याभोवती तीन मुलं आणि एक आजी. धाकटीनं दाणा दातानं सोलायचा प्रयत्न केला आणि ओरडा खाल्ला, कारण देवापुढे ठेवण्याआधी तोंडाला लागायचा नाही. थोरल्यानं घाईघाईनं चुरडून तुसासकट ढीग केला, तो आजीनं बाजूला सारला. शेवटी चमचाभर दाणे जमले. मग मोजणी. घरात सहा माणसं. पण आजीचा हिशेब तेवढ्यावर थांबेना: मधला मुलगा कुवेतला, त्याची बायको, त्यांचं बाळ; मुलगी मंगळुराजवळच्या गावी, तिचे चौघं; भाचा जहाजावर. प्रत्येकाच्या नावानं थोरल्यानं दाणे वेगळे ठेवायचे आणि मधल्यानं नाव मोठ्यानं म्हणायचं. जहाजावरच्या भाच्याचं नाव आल्यावर धाकटीनं विचारलं की तो कोण, मी त्याला पाहिलेलंच नाही. आजीनं उत्तर दिलं नाही, फक्त त्याच्या नावाचे दाणे तिच्या हातात दिले आणि वाटीत टाकायला सांगितलं.

नातं असं शिकवलं जातं. वंशावळीचा तक्ता काढून किंवा व्हॉट्सअॅपवर कौटुंबिक गट करून हे होत नाही; गटात माणूस असतोच, म्हणून त्याला कुणी मोजत नाही.

घरात हजर असणाऱ्यांचे दाणे खलबत्त्यात कुटून नारळाच्या दुधात, गुळात मिसळतात. काही घरी ते साध्या दुधात घालतात, काही घरी ‘वोर्न’मध्ये, म्हणजे डाळ, गूळ आणि नारळाच्या दुधाच्या खिरीत. बाहेरगावच्यांचे दाणे कागदात बांधून पूर्वी पाकिटात घालून टपालानं जात. मुंबईतल्या गिरणीत, हॉटेलात, रेल्वेत कामाला असलेल्या जुन्या मंगळुरी माणसांना सप्टेंबरच्या मध्यावर असं पाकीट यायचं. पत्रात नेहमीची खुशाली आणि घडीत चार दाणे. तो माणूस खानावळीच्या भातात ते टाकून खायचा आणि त्याचं फेस्त व्हायचं. पुढे हीच पाकिटं आखातात गेली. आता पुष्कळ ठिकाणी कस्टम आडवं येतं. ऑस्ट्रेलियात तर टपालानं आलेला तांदूळ अडवतात. मग व्हिडिओ कॉलवर दाणे दाखवतात. वरच्या मजल्यावरच्या आजीला हे मुळीच पटत नाही. ती अजून प्रत्येकाच्या नावाची पुडी बांधते आणि कुणी ना कुणी तिकडे जाणारं शोधते. कुवेतची पुडी एकदा नाताळला पोचली होती म्हणे, पण पोचली.

आणि जेवण. मासळीशिवाय ज्यांचा घास उतरत नाही अशा लोकांच्या घरी या दिवशी मासा शिजत नाही, मटणही नाही. केळीचं पान, त्यावर भाज्या, आणि भाज्यांची संख्या विषम: तीन, पाच, सात, ऐपत आणि हौस असेल तर नऊ. भाज्या सगळ्या त्या ऋतूच्या. भेंडी, घोसाळी, दोडकी, काकडी, भोपळा, चवळीच्या शेंगा, अळवाच्या पानांच्या गाठी मारून आंबाड्यात शिजवलेलं ‘तेरें’. कारलं आणि आंबाडे यांची आंबट-गोड-कडू भाजी तर हवीच. संख्येवरून दर वर्षी भांडण होतं: लोणचं धरायचं की नाही? मुलं याबाबतीत वकिलापेक्षा पक्की. त्या वर्षी भाज्या आठ भरल्या, तेव्हा थोरल्यानं कारल्याची भाजी वगळून सात करायचा ठराव मांडला. तो मतदानात पडला.

मी मात्र पानाकडे पाहत राहिले, कारण २०२४च्या त्याच ८ सप्टेंबरला आमच्याकडे ऋषिपंचमी होती. अळू, भेंडी, भोपळा, काकडी, आंबाडे, ऋषीच्या भाजीतलं जवळजवळ सगळं वरच्या मजल्यावरच्या पानातही होतं. फरक एवढाच की आपल्या त्या उपासाला बैलाच्या कष्टाचं धान्य वर्ज्य आणि त्यांच्याकडे नव्या धान्यासाठीच सगळा थाट. तेरड्याचंही तेच. कोकणात त्याच आठवड्यात तेरड्याची गौर येते, मंगळुराकडे तोच तेरडा परडीतून चर्चला जातो. यावरून कुणी लगेच सर्वधर्मसमभावाचं भाषण ठोकू नये. भादव्यात पश्चिम किनाऱ्यावर जे उगवतं तेच सगळ्यांच्या देवांना मिळतं, इतकी साधी गोष्ट आहे.

एक खटकलेली गोष्टही सांगते. भारतातल्या कॅथोलिक चर्चनं ८ सप्टेंबर हा कन्यादिन म्हणून पाळायचं ठरवलं आहे. एका मुलीच्या जन्माचा सण, तेव्हा ते रास्तच. पण या भाज्या कोण करतं? मी बघत होते त्या घरात पहाटे चारला उठलेल्या दोघीच होत्या, आजी आणि सून. मिस्सेत मुलींच्या सन्मानाचं प्रवचन ऐकून आलेले बाप्ये सोफ्यावर बसून वोर्नची वाट बघत होते. फुलं, सोलणं, मोजणं यात मुलगा-मुलगी भेद नव्हता हे खरं. तो सुरू होतो तो पुढे, गॅसपाशी. थोरल्याला भेंडी चिरायला बसवलं असतं तर कारल्याविरुद्धचा त्याचा ठरावही जरा वजनदार झाला असता.

अलीकडे यावर तोडगा म्हणून केटररकडून मोंती फेस्ताचं तयार जेवण मागवतात. डबे येतात, भाज्या मोजून सात. चर्चच्या हॉलमध्ये सामुदायिक जेवणंही होतात आणि एकट्यादुकट्यासाठी ती चांगलीच सोय आहे. नोकरदार सुनांना मी कोणत्या तोंडानं नाव ठेवू? त्यांनी डबा जरूर मागवावा. पण लोंब्या सोललेल्या मागवू नयेत. भाज्या बाहेरून आल्या तरी सण घरचाच राहतो. दाणे मोजायचं काम मुलांच्या हातून गेलं तर हॉलमधलं आणखी एक जेवण तेवढं उरतं. तयार फुलांची ताटं चर्चच्या दारात विकायला येऊ लागली आहेत, तीही मला अशीच नकोशी वाटतात.

बांद्र्याच्या मोत माउलीचा, म्हणजे माउंट मेरीचा, इथे उल्लेख टाळता येणार नाही, कारण तारीख तीच. तिची जत्रा ८ सप्टेंबरनंतरच्या रविवारी सुरू होऊन आठवडाभर चालते. मेणाचे हात, पाय, घरं, बाहुल्या वाहायला सगळ्या धर्मांची माणसं लोटतात. मुलांना तिथे पाळणे आहेत, मिठाई आहे, गर्दीत बापाच्या खांद्यावर बसणं आहे. मुंबईच्या मंगळुरी मुलांच्या वाट्याला दोन्ही येतं, आधी घरचं फेस्त आणि मग जत्रा. मुंबईतल्या ईस्ट इंडियन कॅथोलिकांचा नव्या भाताचा सण, आगेरा, ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी येतो. त्याच्यावर स्वतंत्र लेख हवा, तो कुणी तरी ईस्ट इंडियनानंच लिहावा.

८ सप्टेंबरला महाराष्ट्रात सुटी नसते. तो कामाच्या वारी आला तर मुंबईतल्या पुष्कळ घरी पान संध्याकाळी मांडतात; मुलं शाळेतून आणि मोठी लोकलमधून आल्यावर. तुमच्या मजल्यावर कुणी मंगळुरी असतील तर ३० ऑगस्टनंतर त्यांच्या मुलांना तुमच्या कुंडीतली फुलं तोडू द्या. स्वतः तोडून देऊ नका. आणि जेवायला बोलावलं तर सबबी सांगत बसू नका. सगळ्या भाज्याच असतात. जाताना केक किंवा मिठाई नेऊ नये, त्या दिवशी तिला कुणी विचारत नाही. चार आंबाडे मिळाले तर तेवढे न्या, मुंबईच्या बाजारात ते वेळेवर मिळत नाहीत.